क्लचची दुसरी प्लेट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांनीं रेडिओचा कान पिळण्यासाठीं हात पुढें केला असेल, तर मी त्यांस दोष देणार नाहीं. मोटारीच्या क्लचविषयीं पंधरा मिनिटें ऐकत बसण्यांत कोणाला गोडी वाटणार? परंतु ज्या घराच्या दारांत मोटार उभी आहे आणि ज्या घरांत विशी-पंचविशीचा मुलगा आहे, त्या घरांत हा विषय आज ना उद्यां निघाल्यावांचून राहत नाहीं. तो निघतो तेव्हां त्यांत पैशाचा प्रश्न असतो, कायद्याचा असतो, आणि घाटांत गाडींत बसलेल्या माणसांच्या जिवाचाहि असतो. म्हणून आपला थोडा वेळ मागतों.

गेल्या वर्षीं एकाच महिन्यांत दोन तरुणांनीं मला एकच प्रश्न विचारला. एक माझा भाचा, राहणार जळगांवचा. दुसरा त्याचा मित्र, धुळ्याचा. प्रश्न असा: "मामा, गाडीला दोन प्लेटांचा क्लच बसवावयाचा आहे, कोणता घ्यावा?" दोघांच्या हातांत एकच सूचिपत्र होतें, दोघांचें बोट एकाच चित्रावर होतें, आणि तें चित्र अर्थातच त्या सूचिपत्रांतील सर्वांत जबर क्लचचें होतें. मीं दोघांस दोन निरनिराळीं उत्तरें दिलीं. तीं निराळीं कां, हें सांगणें एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम क्लच म्हणजे काय तें पाहूं. इंजिनाचा एक स्वभाव असा आहे, कीं उभें असतांना त्याला ओझें उचलतां येत नाहीं. आधीं त्याला मोकळें फिरूं द्यावें लागतें, आणि मग त्याच्या गळ्यांत काम घालावें लागतें. जुन्या काळीं कापसाच्या जिनांत ही युक्ति उघड्या डोळ्यांनीं दिसे. एक लांब दांडा फिरत असे. त्यावरून पट्टे यंत्रांकडे येत. आणि यंत्राशेजारीं दोन चाकें असत, एक घट्ट बसविलेलें व दुसरें नुसतेंच सैल फिरणारें. पट्टा सैल चाकावर असला कीं यंत्र उभें. तो घट्ट चाकावर सरकविला कीं यंत्र चालू. सरकतांना पट्टा क्षणभर घसरे, कुरकुरे, आणि मग पकड घेई. त्या क्षणभराच्या घसरण्यांतच सारी खुबी होती. तें नसतें तर पट्टा तरी तुटता, नाहीं तर यंत्राचे दांते तरी.

मोटारींतला क्लच हेंच काम करतो. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असतें, त्यास फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट नांवाची लोखंडी कडी असते, आणि तिच्यामागें जोरदार स्प्रिंग. या दोहोंच्या मध्यें, दोन हातांत भाकरी धरावी तशी, क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही तोंडांना घर्षणाचें अस्तर लावलेलें असतें, आणि तिचा मधला भाग गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसतो. स्प्रिंग दाबून धरते तोंवर इंजिन व चाकें एकजीव. पेडल दाबलें कीं स्प्रिंगचा भार सुटतो, आणि इंजिन व चाकें विभक्त.

आतां ही पकड किती, हें चार गोष्टींच्या गुणाकारानें ठरतें: अस्तराचें घर्षण, स्प्रिंगचा भार, प्लेटची मध्यम त्रिज्या, आणि घासणाऱ्या तोंडांची संख्या. एका प्लेटला दोन तोंडें. मध्यें एक सुटी लोखंडी कडी घालून दुसरी प्लेट बसविली, कीं तोंडें चार होतात. तात्पर्य, बाकी कांहींहि न बदलतां पकड दुप्पट होते. दोन प्लेटांच्या क्लचचें सारें रहस्य एवढेंच.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ट्रॅक्टरवाले ज्याला डबल क्लच म्हणतात तो हा नव्हे. तेथें एक क्लच चाकांसाठीं व दुसरा मागें जोडलेल्या अवजारासाठीं असतो, आणि दोघांचीं कामें वेगवेगळीं असतात. कांहीं आधुनिक मोटारींत आपोआप गिअर बदलण्यासाठीं दोन क्लच असतात. तोहि हा नव्हे. दोन प्लेटांच्या क्लचमध्यें क्लच एकच, काम एकच. फक्त तें काम दोघी बहिणी वाटून घेतात.

दुसरा गैरसमज अश्वशक्तीचा. तरुणांच्या तोंडीं हा शब्द फार. परंतु क्लचला अश्वशक्ति कळत नाहीं, त्याला पीळ कळतो. मोटारवाले ज्याला टॉर्क म्हणतात तो हा पीळ. विहिरीचा रहाट फिरविणारा मनुष्य दांडा किती जोरानें पिळतो, हा पीळ. मिनिटाला किती फेरे देतो, हा वेग. आणि दोहोंचा गुणाकार ती शक्ति. १५० अश्वशक्तीचीं दोन इंजिनें घ्या. एक पेट्रोलचें, ती शक्ति ६,००० फेऱ्यांवर देणारें. दुसरें डिझेलचें, तीच शक्ति ३,५०० फेऱ्यांवर देणारें. पहिल्याचा त्या वेळचा पीळ सुमारें १७५ न्यूटन-मीटर भरतो, दुसऱ्याचा सुमारें ३००. अश्वशक्ति समान, पण दुसऱ्याच्या क्लचला पावणेदोन पट काम. म्हणून क्लच निवडतांना पहिला प्रश्न घोडे किती हा नसून पीळ किती हा असावा.

कारखानदारहि हा हिशेब जपून करतात. टोयोटाच्या फॉर्च्युनर गाडीचें २.८ लिटरचें डिझेल इंजिन पहा. हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत त्याचा पीळ ४२० न्यूटन-मीटर ठेवलेला आहे, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत ५००. इंजिन काय देऊं शकतें एवढ्यावरच पीळ ठरत नसतो. त्याच्यामागें काय जोडलें आहे, हेंहि पाहावें लागतें, इतकें यावरून दिसतें.

आतां माझ्या भाच्याची हकीकत सांगतों. त्याची गाडी डिझेलची, माणसें व सामान धरून सुमारें २,००० किलोग्रॅम वजनाची. कारखान्यांतून आली तेव्हां तिचा पीळ ३४० न्यूटन-मीटर होता. कोणा एका गॅरेजांत त्यानें इंजिनाच्या विजेच्या नियंत्रकांतील मापें बदलून घेतलीं, आणि पीळ ४६० वर नेला. इंजिनाचा एक स्क्रूहि न उघडतां एका दुपारींत हें काम झालें. गाडी पूर्वीपेक्षां सपाट्यानें पळूं लागली, आणि भाचा प्रसन्न झाला.

श्रावणांतल्या एका सोमवारीं माझ्या बहिणीला वेरुळास घृष्णेश्वराच्या दर्शनाला जावयाचें होतें. मंडळी जळगांवाहून पाचोरा, चाळीसगांव या मार्गानें निघाली. आपलें खानदेश म्हणजे तापीचें सपाट खोरें खरें. पण त्यांतून बाहेर पडावयाचें म्हटलें कीं बहुतेक दिशांनीं डोंगर आडवा येतो. सुरतेच्या वाटेवर कोंडाईबारी, इंदुराच्या वाटेवर बिजासन, आणि दक्षिणेस कन्नडचा घाट. इ. स. १८२५ मध्यें खानदेशांत भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमच्या नांवानें या घाटास औट्रम घाट असेंहि म्हणतात. चाळीसगांवकडून वर चढतांना त्या दिवशीं घाटांत वाहनांची रांग लागली होती. पाऊस पडत होता. भाचा ब्रेकवर पाय न ठेवतां, पेडल अर्धें सोडून, क्लचवरच गाडी तोलून धरी. रांग चार हात सरकली कीं तोहि सरके. असें बराच वेळ चाललें. पुढें रस्ता मोकळा झाला, त्यानें गती घेतली, आणि एका चढाच्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढला. गाडीचा वेग मात्र उतरला. जळकट वास सुटला. मागें बसलेली माझी बहीण म्हणाली, "अरे, ही ओरडते आहे, पण चालत कां नाहीं?" मागून वाहनें येत होतीं, बाजूला दरी होती. सुदैवानें थोडी रुंद जागा मिळाली, गाडी कडेला लागली, आणि तासाभरानें क्लच निवाल्यावर मंडळी कशीबशी वर पोंचलीं.

बहिणीनें विचारलेला प्रश्न यंत्रशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं नेमका होता, आणि त्याचें उत्तर साध्या गुणाकारांत आहे. उदाहरणादाखल मापें धरूं. प्लेटची मध्यम त्रिज्या १० सेंटिमीटर. स्प्रिंगचा भार ८,००० न्यूटन, म्हणजे सुमारें आठ क्विंटल कापसाचा भार. थंड अस्तराचें घर्षण ०.३, आणि तोंडें दोन. गुणाकार ४८० न्यूटन-मीटर येतो. मूळ ३४० च्या पिळाला ही पकड भरपूर होती. ४६० च्या पिळाला ती जेमतेम पुरली, आणि सपाट रस्त्यावर पुरलीच. परंतु साधें अस्तर फार तापलें कीं त्याचें घर्षण कमी होतें. तें ०.२५ वर आलें असें धरा; पकड ४०० वर येते. ४०० च्या मुठींत ४६० चा पीळ मावत नाहीं. मग क्लच घसरतो. घसरल्यानें अधिक तापतो, आणि तापल्यानें अधिक घसरतो. मूळचें इंजिन असतें तर त्याच तापलेल्या क्लचजवळ अद्याप ६० ची शिल्लक होती, हें ध्यानांत ठेवा.

पण तो इतका तापला कां? भाच्याचें म्हणणें, "मामा, मीं शर्यत थोडीच लावली होती!" येथेंच मोठी गंमत आहे. गाडी सपाट रस्त्यावर जाग्यावरून हलते तेव्हां, क्लच घसरून पकड घेईपर्यंत गाडीच्या गतींत जितकी ऊर्जा सांठते, साधारणपणें तितकीच उष्णता क्लचमध्यें उत्पन्न होते. २,००० किलोग्रॅमची गाडी शांतपणें हांकली, आणि ताशी १५ किलोमीटरला क्लच पूर्ण लागला, तर उष्णता सुमारें १७ किलोज्यूल. शर्यतींतल्यासारखी इंजिन गर्जवून सोडली, आणि ताशी ५० ला क्लच लागला, तर सुमारें १९३. वेग सव्वातीन पटींहून थोडा अधिक. उष्णता अकरा पट! आतां घाटांतल्या चढावर, बारा मीटरांस एक मीटर चढ धरून, तीच गाडी क्लचवर तोलून धरली तर काय होतें? पहिल्या गिअरांतील एकूण दांत्यांचें प्रमाण १६, चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर व इंजिन मिनिटास १,००० फेरे असा हिशेब केला, तर दर मिनिटास सुमारें २२५ किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्यानें एक लिटर पाणी ५४ अंशांनीं तापेल. म्हणजे रांगेंत एक मिनिट क्लचवर उभें राहणें हें शर्यतींतल्या एका सुटण्यापेक्षांहि महाग. माझ्या भाच्यानें त्या दिवशीं एकहि शर्यत न लावतां अनेक शर्यतींचा ताप क्लचला दिला होता, आणि तोहि वारा न लागतां.

आतां सूचिपत्राकडे वळूं. घसरणारा क्लच बंद करण्याचा सरळ मार्ग म्हणजे अधिक कडक स्प्रिंग. ४६० च्या पिळावर दीडपट पकड ठेवावयाची तर ती ६९० हवी. कारण तापून घर्षण ०.३ वरून ०.२५ वर आलें तरी ५७५ उरतात. एका प्लेटनें ही पकड मिळवावयाची तर स्प्रिंगचा भार ११,५०० न्यूटन करावा लागतो. तो भार दर वेळीं पायानें सोडवावयाचा असतो. जळगांवच्या गर्दींत शंभर वेळां असें पेडल दाबा, आणि संध्याकाळीं गुडघ्याला विचारा. त्याच मापाच्या दोन प्लेटा घातल्या तर ५,७५० न्यूटन पुरतात. मूळच्या ८,००० पेक्षांहि कमी. लोक समजतात, दुसरी प्लेट दांडगाईसाठीं असते. वस्तुतः ती पायाच्या सुखासाठीं असते. पकड दोन्ही रीतींनीं मिळते. हळुवार पकड मात्र दुसऱ्या प्लेटनेंच मिळते.

दुसरी प्लेट फुकट मिळत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. चार तोंडें सुटीं व्हावयाचीं तर प्रत्येकाला थोडी फट हवी. म्हणून प्रेशर प्लेटला अधिक मागें ओढावें लागतें, आणि हलक्या स्प्रिंगचा कांहीं फायदा त्या लांब चालीनें परत घेतला जातो. मधली कडी नीट सुटली नाहीं तर पेडल दाबूनहि एक प्लेट फिरत राहते, आणि गिअर कुरकुरत पडतो. ती कडी खांचांत सैल बसविलेली असली तर पेडल दाबल्यावर खडखडते. पातळ पोलादी पट्ट्यांवर टांगलेली असली तर हा आवाज पुष्कळ कमी होतो. म्हणून घेतांना विचारावें, मधली कडी कशावर बसविली आहे? विकणाऱ्याला उत्तर आलें नाहीं, तर दुसरें दुकान पाहावें.

तिसरी निवड अस्तराची. साधें, तंतु व राळ यांचें अस्तर मऊपणें पकड घेतें, पण फार ताप सोसत नाहीं. धातूची भुकटी भाजून केलेल्या टिकल्यांचें अस्तर ताप फार सोसतें, पण एकदम पकडतें. गाडी हिसका देऊन निघते. चौथी निवड मधल्या भागाची. साध्या प्लेटच्या मध्यभागीं लहान लहान स्प्रिंगा असतात. त्या इंजिनाचे धक्के गिळतात. शर्यतीच्या पुष्कळ प्लेटांत त्या नसतात. वजन वांचतें, पण धक्के सरळ गिअरबॉक्सला जातात. शिवाय कित्येक डिझेल गाड्यांचें फ्लायव्हीलच दोन भागांचें, मध्यें स्प्रिंगा असलेलें असतें. दोन प्लेटांच्या संचाबरोबर पुष्कळदां त्याजागीं एकसंध फ्लायव्हील येतें. तेव्हां तेंहि गेलें आणि प्लेटच्या स्प्रिंगाहि गेल्या, तर घरची गाडी उभ्या उभ्या खडखडूं लागते.

हें सारें लक्षांत घेऊन धुळ्याच्या तरुणाला दिलेलें उत्तर ऐका. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते जेथें एकमेकांस छेदतात, त्या शहराचा हा मुलगा. गाड्यांचें वेड त्याच्या अंगांत असावें यांत नवल नाहीं. त्याची गाडी पेट्रोलची, १,३०० किलोग्रॅमची, ४०० न्यूटन-मीटर पिळाची. ती तो सार्वजनिक रस्त्यावर चालवीत नाहीं. मालमोटारीवर चढवून बंदिस्त धांवपट्टीवरील शर्यतींना नेतो. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमानांच्या धांवपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरांच्या, अशा शर्यती झालेल्या आहेत. तेथें काम काय? कांहीं क्षणांत प्रचंड ताप, मग निवांत थंड होणें, आणि पुन्हां तेंच. गिअर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पडला पाहिजे, म्हणून प्लेटा फिरण्यास हलक्या हव्यात. चकतीचा फिरण्याचा जडपणा, जाडी तीच धरल्यास, व्यासाच्या चौथ्या घातानें वाढतो. २४० मिलिमीटरच्या एका प्लेटऐवजीं १८४ मिलिमीटरच्या दोन घेतल्या, तर दोघींचा मिळून जडपणा मूळच्या सुमारें सात-दशांश होतो. ४०० च्या दीडपट, म्हणजे ६०० च्या पकडीसाठीं मोठ्या एका प्लेटला १०,००० न्यूटन भार लागला असता. या दोन लहान प्लेटांना, मध्यम त्रिज्या ७.६ सेंटिमीटर धरून, सुमारें ६,६०० पुरतात. म्हणून त्याला मीं सांगितलें: दोन प्लेटा, लहान व्यास, धातूच्या टिकल्या. हिसका बसेल, आवाज होईल. पण त्या गाडींत आई बसत नाहीं.

तरी त्यालाहि एक ताकीद दिली. सूचिपत्रांत त्याच मापाचा ९०० न्यूटन-मीटरचा क्लच होता, आणि त्याचा डोळा त्यावर होता. मीं म्हटलें, "क्लच हा इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधला समजूतदार मध्यस्थ आहे. धक्का मोठा आला तर त्यानें थोडें घसरावें, थोडें सोसावें. तूं त्याला इतका ताठ केलास, कीं तो घसरणारच नाहीं, तर तो धक्का पुढें गिअरच्या दांत्यांना आणि चाकांच्या दांड्यांना जाईल. क्लचची प्लेट बदलणें आणि गिअरबॉक्स बदलणें यांतलें अंतर खिशाला विचार." दीडपट हें प्रमाण त्यानें मान्य केलें. नवीन क्लच पहिले पांचशें-आठशें किलोमीटर साध्या चालीनें वापरून अस्तर बसूं द्यावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्याची गाडी रस्त्यावर येणारी नसल्यामुळें, बनविणाऱ्यानें लिहून दिलेल्या रीतीनें बंदिस्त जागींच हें काम उरकावें, आणि तें होईपर्यंत शर्यतीचें नांव काढूं नये, हेंहि त्यानें कबूल केलें.

आतां भाचा. त्याचेंहि बोट त्याच लहान, टिकल्यांच्या क्लचवर होतें. मीं त्याला विचारलें, "हा तुझ्या मित्राला योग्य, म्हणून तुलाहि योग्य, असें कां?" लहान क्लचमध्यें लोखंडच थोडें, शर्यतीच्या क्षणभराच्या तापाला तें पुरतें, पण घाटांतल्या रांगेंत मिनिटामागून मिनिट येणारा ताप सांठवावयाला त्यांत जागा नाहीं. टिकल्या टिकतील, पण कड्या तापून वांकतील. शिवाय टिकल्यांचा क्लच हळूहळू सोडतां येत नाहीं, आणि रांगेंत तर हळूहळूच सरकावयाचें असतें. म्हणजे जेथें तो फसला, नेमका तेथेंच हा क्लच त्याला पुन्हां फसविणार. त्याला दोन प्लेटाच हव्या असतील तर त्या पूर्ण मापाच्या, साध्या अस्तराच्या, मध्यभागीं स्प्रिंगा असलेल्या, आणि मधली कडी पट्ट्यांवर टांगलेली, अशा हव्या. ज्यांची गाडी कारखान्यांतूनच फार बलवान आली आहे, आणि जी रोज घरच्या कामांत आहे, त्यांनाहि माझें हेंच सांगणें राहील.

पण भाच्याच्या गाडीचा पीळ कारखान्यानें दिलेला नव्हता. तेव्हां आणखी एक गोष्ट बोलावी लागली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें, गाडीच्या नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ असाच कडक लावला. क्लच झिजला तर बदलावा, त्यांत कांहीं वावगें नाहीं. चोरून वाढविलेली शक्ति ही मात्र निराळी गोष्ट. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारील.

भाचा कांहीं बोलला नाहीं. बोलली त्याची पत्नी. ती रोज तीच गाडी घेऊन मुलीला शाळेंत पोंचवते. ती म्हणाली, "मामा, ती वाढविलेली ताकद आम्ही वापरतों तरी कोठें? जळगांव-भुसावळ रस्त्यावर, कीं शाळेच्या दारांत?" या प्रश्नाला सूचिपत्रांत उत्तर नव्हतें. दोन दिवसांनीं भाच्यानें इंजिनाचीं मापें पूर्ववत् करून घेतलीं. जळालेल्या क्लचच्या जागीं कारखान्याच्याच मापाचा एका प्लेटचा नवा क्लच बसविला. आपण मघां पाहिलें त्याप्रमाणें, ३४० च्या पिळाला तो तापल्यावरहि पुरतो. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तापून निळा पडला होता, तो तपासून घेतला. दोन प्लेटांच्या संचाचे पैसे वांचले. आणि मीं त्याच्याकडून एक शब्द घेतला: चढावर थांबावयाचें झालें तर हातब्रेक ओढावयाचा, गिअर काढावयाचा, आणि क्लचवरचा पाय उचलावयाचा. ही सवय कोणत्याहि सूचिपत्रांत विकत मिळत नाहीं, आणि तिच्यासारखा क्लच अजून कोणी बनविलेला नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरांत हा प्रश्न निघाला तर मुलाला रागावूं नका, आणि लगेच पैसेहि काढून देऊं नका. त्याला चार प्रश्न विचारा. पीळ किती, आणि तो कारखान्याचा कीं वाढविलेला? ताप कोठें येणार, धांवपट्टीवर क्षणभर कीं घाटांत घटकाभर? पेडल कोणाचा पाय दाबणार? आणि क्लच घसरला नाहीं, तर धक्का पुढें कोण सोसणार? या चारांचीं उत्तरें आलीं, कीं एक प्लेट कीं दोन, टिकल्या कीं साधें अस्तर, हें ठरवावयाला मामाची गरज पडत नाहीं.

माझी बहीण पुढें त्याच घाटानें त्याच गाडींत वेरुळास जाऊन आली. मीं विचारलें, "क्लच कसा काय चालला?" ती म्हणाली, "कसला क्लच? मला तर झोप लागली होती."

याहून चांगलें प्रशस्तिपत्र क्लचला मिळूं शकत नाहीं.